तीस किलोची हवा

समुद्रावरचं सगळ्यांत मोठं इंजिन तेलावर चालतं, पण सुरू होतं हवेवर. बोटीशी संबंध नसलेल्या माणसाला हे सांगितलं की तो आधी माझ्या तोंडाकडे बघतो. तीन-चार मजले उंचीचं इंजिन, आतले पिस्टन दोन हातांच्या कवेत न मावणारे, आणि ते हलवायला बॅटरी नाही, सेल्फ नाही. पोलादी बाटल्यांमध्ये ३० बार दाबाने कोंडलेली हवा एका सिलिंडरमध्ये सोडायची. ती पिस्टन खाली रेटते. मग पाळी असेल त्या दुसऱ्या सिलिंडरमध्ये, मग तिसऱ्या. इंजिनाने पुरेसा वेग घेतला की हवा बंद, तेल चालू. काही सेकंदांत सगळं उरकतं.

बोटीवर आम्ही त्या दाबाला ‘तीस किलो’ म्हणतो. दर चौरस सेंटिमीटरला तीस किलो, असा त्याचा पूर्ण अर्थ. गेजवर आता बार लिहिलेलं असतं, बोलण्यात मात्र किलोच राहिलं आहे. आणि हवेच्या टाकीला टाकी कोणी म्हणत नाही, ती बाटली. माणसापेक्षा उंच, इंचभर जाडीच्या आसपासचा पत्रा असलेली, इंजिनरूमच्या एका बाजूला पक्की बसवलेली. अशा निदान दोन असतात. त्यांत किती हवा मावली पाहिजे याचा नियम आहे: ज्या इंजिनाची फिरण्याची दिशा उलटवता येते, त्याला बाटली भरणारा कॉम्प्रेसर न लावता, आहे त्या हवेवर, एकदा पुढे एकदा मागे असं आलटून पालटून लागोपाठ १२ वेळा सुरू करता आलं पाहिजे. ज्याची दिशा बदलावी लागत नाही, पंख्याची पातीच वळतात, त्याला ६ वेळा.

हा बाराचा आकडा मला कागदावर कळला नव्हता. तो कळला मुंबईच्या इंदिरा डॉकच्या लॉकमध्ये, म्हणजे गोदीच्या तोंडाशी असलेल्या, दारं लावून पाणी अडवता येणाऱ्या चिंचोळ्या वाटेत. १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक म्हणून उघडलेली ही गोदी. आत भरतीचं पाणी अडवून ठेवलेलं असतं आणि जहाजं ७५० फूट लांब, १०० फूट रुंद अशा लॉकमधून आतबाहेर करतात. मोठ्या जहाजाच्या दोन्ही अंगांना तिथे फार जागा उरत नाही. टगबोटी ओढत असतात, बंदराचा वाटाड्या म्हणजे पायलट वर उभा असतो, आणि खाली इंजिनरूममध्ये वरचे हुकूम पोहोचवणारा टेलिग्राफ वाजत राहतो: डेड स्लो अहेड म्हणजे अगदी हळू पुढे, स्टॉप, डेड स्लो अस्टर्न म्हणजे अगदी हळू मागे, स्टॉप, पुन्हा अहेड. या इंजिनांना गिअर नसतो. मागे जायचं तर इंजिन थांबवून उलट दिशेने नव्याने सुरू करायचं, म्हणजे दर वेळी बाटलीतली हवा खर्च करायची. गेजचा काटा तीसवरून सत्तावीस, सत्तावीसवरून पंचवीस असा उतरताना बघत उभं राहिलं की त्या नियमामागचा माणूस डोळ्यांसमोर येतो. ज्याने तो लिहिला त्याने अशाच एखाद्या अरुंद जागेत हवा संपताना पाहिली असणार.

आठ घनमीटरची एक बाटली धरू. तीस किलोला भरलेली असेल तर तिच्यातली हवा बाहेर मोकळी झाल्यावर साधारण २४० घनमीटर जागा घेईल. आमची माझगावच्या चाळीतली खोली दहा बाय दहा होती, उंचीही तेवढीच. तशा आठ खोल्यांची सगळी हवा, वर थोडी आणखी, एका बाटलीत बसवायची, आणि तीही बाहेर पडायला सतत टपलेली. एका मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांची हवा पोलादाच्या एका भांड्यात कोंडलेली आहे, असा विचार करून मी पहिल्यांदा त्या बाटलीजवळ उभा राहिलो, तेव्हापासून तिच्याजवळून जाताना माझी चाल आपोआप बदलते.

ही चाल बदलायला शिकवलं ते एका फिटरने. मी तेव्हा फोर्थ इंजिनिअर होतो. भारतीय क्रू असलेल्या बोटींवर चीफ म्हणजे बडा साब, थर्ड म्हणजे तीन साब आणि फोर्थ म्हणजे चार साब. कॉम्प्रेसर आणि तेल साफ करणारे प्युरिफायर ही चार साबची जहागीर. फिटर दाभोळकडचा, माझ्या वडिलांच्या वयाचा. मी त्याला चाचा म्हणायचो. तो मला कामाच्या वेळी चार साब म्हणायचा आणि चहाच्या वेळी बाळा. वॉचवर, म्हणजे कामाच्या पाळीवर, आलो की मी सवयीने आधी बाटलीचा काटा बघायला जायचो. तो मागून म्हणायचा, “चार साब, काटा नंतर. आधी ड्रेन मारा.”

ड्रेन म्हणजे बाटलीच्या तळाची बारीक चाकी. ती हळू उघडायची. आधी फस्स करून पांढुरकं, तेलकट पाणी येतं, मग पाणी आणि हवा मिसळून, मग कोरडी हवा. कोरडी आली की बंद. एवढंच काम, आणि दर वॉचला करायचं. अनेक जण ते उरकतात. चाचा उरकू द्यायचा नाही. तो शेजारी उभा राहून ते पाणी बघायचा. जास्त तेलकट असलं तर म्हणायचा, कॉम्प्रेसर तेल वर फेकतोय, पिस्टनच्या रिंगा बघायला हव्यात. नेहमीपेक्षा जास्त पाणी असलं तर कूलरची नळी तपासायला सांगायचा. गेज जे सांगत नाही ते तो या घाणेरड्या पाण्यात वाचायचा.

पाणी येतं कुठून हे समजून घेण्यासारखं आहे, आणि मुंबईत राहणाऱ्याला तर लगेच समजावं. जुलैतली हवा. तीस अंशांच्या आसपास तापमान, कपडे दोन दिवस वाळत नाहीत असा दमटपणा. अशा हवेच्या एका घनमीटरात पंचवीस-सत्तावीस ग्रॅम बाष्प असतं. आपली आठ घनमीटरची रिकामी बाटली तीस किलोपर्यंत भरायची तर २४० घनमीटर हवा ओढावी लागते, म्हणजे तिच्यासोबत सहा-साडेसहा किलो पाणी आलं. हवा दाबली जाते, बाष्प मात्र तेवढं दाबून घेत नाही. पुन्हा थंड झालेल्या आठ घनमीटर जागेत ते जेमतेम पाव किलो राहू शकतं. उरलेलं सहा लिटरच्या आसपास पाणी होऊन खाली बसतं. काही वाटेतल्या कूलरच्या ड्रेनमधून निघतं, बाकीचं बाटलीच्या तळाशी. पावसाळ्यात मुंबईच्या अँकरेजला बोट उभी असली की ड्रेन संपता संपत नाही. ते पाणी तसंच राहिलं तर पत्रा आतून गंजतो. बाहेरचा रंग शाबूत राहतो, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही.

हवा दाबली की तापते, ही दुसरी गोष्ट. सायकलच्या पंपाचं टोक हाताला चटका देतं ते त्यामुळेच. बाहेरची हवा एका दमात तीस पट दाबली आणि मध्ये कुठेही थंड होऊ दिली नाही, तर हिशेबाने ती ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. एवढ्या उष्णतेत कॉम्प्रेसरचं वंगणतेल जळून काजळी धरेल, पेटेलही. म्हणून दोन टप्पे करतात: आधी पाच-साडेपाच पट दाबायची, कूलरमधून काढून थंड करायची, मग उरलेली दाबायची, पुन्हा थंड करायची. तरीही थोडं तेल हवेसोबत पुढे जातंच, आणि नळ्यांच्या आतल्या बाजूला त्याचा पातळ थर बसत जातो.

आता या तेलकट नळीचं दुसरं टोक बघा. ते इंजिनाच्या सिलिंडरवर, स्टार्टिंग व्हॉल्व्हपाशी आहे. तो व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, थोडा गळत असेल, तर इंजिन चालू असताना सिलिंडरमधला जळता वायू उलटा त्या नळीत शिरतो. नळी तापते, आतलं तेल तापतं. आणि पुढच्या वेळी इंजिन सुरू करताना त्याच नळीत तीस किलोची ताजी हवा येते. पेटायला लागणारं सगळं एका जागी जमलं. असे स्फोट झालेले आहेत, त्यांत माणसं गेलेली आहेत. नळीवर आता ज्वाळा अडवणारा फ्लेम ट्रॅप असतो, जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह असतो, किंवा आधी फाटून दाब बाहेर सोडणारी पातळ चकती असते. मुंबईत तोंडी परीक्षेला बसलेल्या कुठल्याही मरीन इंजिनिअरला विचारा, हा प्रश्न त्याला आलेला असतो किंवा येईल म्हणून त्याने पाठ केलेला असतो.

चाचाने तो पाठ केलेला नव्हता. तो इंजिन चालू असताना दर थोड्या वेळाने एकेका सिलिंडरजवळ जाऊन त्या नळीवर पंजा टेकवायचा. एक, दोन, तीन, असं शेवटपर्यंत. एखादी इतरांपेक्षा गरम लागली की तो व्हॉल्व्ह बदलायचा. पुस्तकातही हाच उपाय दिलेला आहे, हे मला नंतर वाचताना दिसलं. पण मी तो आधी त्याच्या पंजाकडे बघून घेतला होता, आणि त्यामुळे तो माझ्या हातात बसला. बोटी सोडून किनाऱ्यावरच्या दुरुस्तीच्या कामात आलो तरी अनोळखी इंजिनरूममध्ये शिरल्यावर माझा हात आपोआप त्या नळ्यांकडे जातो.

चाचाचे वडील आगवाला होते. कोळशावरच्या बोटींचे शब्द आता मागे पडत चालले आहेत, म्हणून लिहून ठेवतो. बॉयलरच्या तोंडाशी भट्टी पेटती ठेवणारा आगवाला. बंकरमधून कोळसा ओढून त्याच्यापर्यंत आणणारा कोयलावाला. इंजिनाच्या सांध्यांना तेल पाजणारा तेलवाला. स्टोअर सांभाळणारा कसाब. त्यांच्यावर टंडेल, आणि सगळ्यांवर सारंग. डेकवर सुकाणू धरणारा सुकाणी. रत्नागिरीच्या खाड्यांकाठच्या गावांतून माणसं मुंबईला यायची, सारंगाच्या ओळखीने बोटीवर लागायची आणि भट्टीसमोर उभी राहायची. तिथली उष्णता किती असायची हे चाचा वडिलांच्या शब्दांत सांगायचा, आणि ते ऐकवत नसे.

त्याचं एक म्हणणं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. तो म्हणायचा, “वाफेला सगळे घाबरायचे, चार साब. दिसते, भाजते. हवेला कोण घाबरतो?” वाफेची नळी गळली तर आवाज आणि धूर, माणूस लांब पळतो. विजेची तार उघडी असली तर आपण मुलाला ओरडतो. तेल सांडलं तर पाय जपून टाकतो. हवा मात्र आपण जन्मापासून फुकट घेत आलो आहोत. तिला रंग नाही, वास नाही, ती भाजत नाही. त्यामुळे तीस किलोची हवा आणि खिडकीतून येणारी हवा या दोन गोष्टी आहेत हे मनाला पटतच नाही. बोटीवर ते पटवून देणारी माणसं होती, त्यांचा दरारा होता, दर वॉचला करायच्या गोष्टी होत्या. म्हणून पटलं.

बोटीवर हवा इंजिन सुरू करण्यापुरतीच नसते. तीस किलोवरून सात-आठ किलोवर उतरवलेली हवा सगळीकडे धावत असते. तिच्यावर व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात, गंज काढायचे चिपिंग हॅमर चालतात, साचलेलं पाणी उपसायचे पंप चालतात. आग लागली तर इंजिनरूमच्या बाहेरून एक हँडल ओढायचं आणि वेगळ्या छोट्या बाटलीतली हवा तेलाच्या टाक्यांचे व्हॉल्व्ह धाडधाड बंद करते. त्याच आगीत शिरणाऱ्या माणसाच्या पाठीवरही हवाच असते. श्वासाच्या सिलिंडरमध्ये निदान १२०० लिटर हवा हवी असा नियम आहे, आणि ती संपत येऊन २०० लिटरांपर्यंत पोहोचण्याआधी इशारा मिळाला पाहिजे. हा इशारा बहुतेक सेट्समध्ये शिट्टी असते, उरलेल्या हवेवरच वाजणारी. सरावाच्या वेळी ती पहिल्यांदा कानाशी वाजली, तेव्हा आग नव्हती, धूर नव्हता, तरी मी दाराकडे वळलो होतो.

आणि भोंगा. तो सांगितल्याशिवाय माझ्याच्याने पुढे जाववत नाही, कारण माझं या सगळ्याशी नातं तिथून सुरू होतं. बाबा गोदीत क्रेनवर होते. आमच्या चाळीच्या गॅलरीतून समुद्र दिसायचा नाही, ऐकू मात्र यायचा. ३१ डिसेंबरला मध्यरात्री बंदरातली जहाजं एकदम भोंगे द्यायची. आजही देतात. माझगाव, डॉकयार्ड रोड, कुलाबा, शिवडी, सगळ्या पूर्व किनाऱ्याला ते ऐकू येतात. आम्ही मुलं गॅलरीत जागी राहायचो आणि कुठला आवाज मोठ्या जहाजाचा यावर भांडायचो. बाबा म्हणायचे, जाड आवाजाचं मोठं. हे त्यांनी अनुभवाने सांगितलं होतं, पण नियमही तोच आहे. दोनशे मीटर किंवा त्याहून लांब जहाजाच्या भोंग्याचा स्वर ७० ते २०० हर्ट्‌झच्या दरम्यान असावा लागतो आणि तो दोन सागरी मैलांवर ऐकू जावा लागतो. त्याहून लहान, पण निदान ७५ मीटर लांब जहाजाचा १३० ते ३५० हर्ट्‌झ. धुक्यात दिसत नाही तेव्हा समोर केवढं धूड आहे याचा अंदाज नुसत्या आवाजावरून यावा म्हणून ही सोय.

भोंग्याची भाषा मोजकी आहे. एक छोटा, साधारण सेकंदभराचा: मी उजवीकडे वळतोय. दोन छोटे: डावीकडे. तीन छोटे: माझं इंजिन मागे चालतंय. पाच किंवा जास्त, भराभर: तुझा इरादा मला कळत नाही. धुक्यात पाण्यातून पुढे सरकत असताना चार ते सहा सेकंदांचा एक लांब, दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ न जाऊ देता पुन्हा एक. इंजिन थांबवून नुसतं तरंगत असलात तर असे दोन. रात्रभर धुकं असेल तर रात्रभर. वर ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, कोणीतरी ते स्वयंचलित चालू करून ठेवतो, आणि खाली कॉम्प्रेसर एकसारखा चालू-बंद होत राहतो. ज्याची झोप त्या कॉम्प्रेसरच्या आवाजाशी बांधलेली आहे तो फोर्थ इंजिनिअर बंकवर पडून धुकं विरायची वाट बघतो.

१ मे २०२० रोजी दुपारी बाराला जगभरच्या बंदरांतल्या जहाजांनी भोंगे दिले होते. टाळेबंदीत करार संपलेले लाखाहून अधिक खलाशी बोटींवर अडकले होते, बहुतेक बंदरं त्यांना उतरू देत नव्हती, आणि माल मात्र सगळ्यांना हवा होता. त्या दिवशी दुपारी मी घरात बसून होतो. बोटींवर माझ्या ओळखीची मुलं होती, त्यांच्या आयांचे फोन यायचे. भोंगा हा इतरांना सावध करण्यासाठी असतो. त्या दिवशी तो ‘आम्ही इथे आहोत’ एवढंच सांगण्यासाठी वाजला, आणि माझ्या मते हवेचा त्याहून चांगला उपयोग त्या वर्षी कोणी केला नाही.

माझगावचा उल्लेख झालाच आहे तर तिथल्या पाणबुड्यांबद्दलही दोन शब्द. माझगाव डॉकमध्ये कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्या बांधल्या गेल्या. पहिली कलवरी डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात आली, दुसरीला आपल्या किनाऱ्याजवळच्या किल्ल्यावरून खांदेरी हे नाव दिलं. पाणबुडी बुडवायची तर तिच्या टाक्यांमध्ये समुद्राचं पाणी येऊ द्यायचं. वर आणायची तर बाटल्यांतली जबर दाबाची हवा त्या टाक्यांमध्ये सोडायची, ती पाणी खालून बाहेर रेटते. म्हणजे तिथे हवा संपली तर नुसतं इंजिन अडत नाही.

हे सगळं ज्या शहरात आहे, त्याच शहरात रे रोड स्टेशनपासून दारूखान्यापर्यंत चालत जा. तोडलेल्या जहाजांचं सामान इथे विकायला येतं: पंप, व्हॉल्व्ह, साखळ्या, बोटीवरून उतरवलेले कॉम्प्रेसर. मला तिथे फिरायला आवडतं. पण दर थोड्या अंतरावर एखादं गॅरेज, टायरचं दुकान, रंगकाम, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक कॉम्प्रेसर फटफटत असतो. त्याच्या टाकीत सात-आठ किलो, कधी दहा. टाकीला पाटी नसते, म्हणजे ती कधी बनली आणि किती दाबासाठी बनली हे सांगायला काहीच नाही. तळाची ड्रेनची चाकी रंगाने बसून गेलेली. सेफ्टी व्हॉल्व्ह वारंवार उडतो म्हणून कोणीतरी तार गुंडाळून ठेवलेला, हेही मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या टाकीच्या शेजारी माणसं जेवतात, दुपारी आडवी होतात.

मी ज्या दुकानात स्कूटरमध्ये हवा भरतो तिथला एक मुलगा काम संपल्यावर एअर गनने शर्टावरची धूळ उडवत होता. मग केसांमधली. मग शेजारच्या मुलाच्या मानेवर, गंमत म्हणून. मी पुढे होऊन गन बाजूला केली. तो ओशाळला, पण मला समजावत म्हणाला, “काका, हवाच तर आहे.”

त्याला रागावण्यात अर्थ नव्हता. त्याला कोणी चाचा मिळाला नव्हता. मी त्याच्याशेजारी टायरवर बसलो आणि सांगितलं. गनमधून निघालेला धातूचा कण डोळ्यात रुततो. कानाशी धरली तर पडदा फाटतो. कातडीवर जखम असेल तर हवा आत शिरते, रक्तात गेली तर माणूस मरू शकतो. आणि नळी अंगाला लावून केलेल्या मस्करीत आतडी फाटून कामगार दगावल्याच्या बातम्या आपल्या देशात पुन्हा पुन्हा येतात. त्यांत मरणारा आणि मारणारा अनेकदा मित्र असतात. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत साफसफाईची हवा दर चौरस इंचाला ३० पौंडांच्या खाली, म्हणजे आमच्या बोटीच्या भाषेत साधारण दोन किलोच्या खाली, असावी असं सांगितलं आहे, आणि इथे गनमागे शंभरच्या वर पौंड असतात. मुलाने सगळं ऐकून घेतलं. शेजारचा मुलगाही येऊन बसला. शेवटची गोष्ट सांगितली तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या आपल्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात दाबाखालच्या यंत्रांसाठी ३१ वं कलम होतं. बोटीवर क्लासचा, म्हणजे जहाजं तपासून दाखला देणाऱ्या संस्थेचा, सर्व्हेअर येऊन बाटलीत दिवा घेऊन उतरतो, पत्र्याची जाडी मोजतो. पण रस्त्याकडेचं दोन-तीन माणसांचं दुकान फॅक्टरीच्या व्याख्येत बसतच नाही. तिथे जो काही सर्व्हे व्हायचा तो मालकाच्या मनाने. म्हणून मी मालकांना गाठलं. ते साताऱ्याकडचे, बोलायला मोकळे. म्हटलं, टाकीचा ड्रेन शेवटचा कधी उघडला? ते म्हणाले, “खाली ड्रेन असतो?”

दाब उतरवला, चाकीला तेल सोडलं, पान्याने हळूहळू सैल केली. तांबडं, गंजाचं पाणी आलं. बादली आणावी लागली. मालक काही बोलले नाहीत, मुलं मात्र वाकून बघत होती. मी त्यांना चाचाने मला सांगितलं तेच सांगितलं: रोज, कॉम्प्रेसर थंड असताना, हळू उघडायचं, कोरडी हवा येईपर्यंत थांबायचं, पाण्याचा रंग बघायचा. लाल असेल तर पत्रा जातोय. तेल तरंगत असेल तर रिंगा. आता त्यांनी ड्रेनला वाकडी नळी जोडून ती हाताशी येईल अशी बाहेर काढली आहे, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नवा बसवला आहे. मुलगा मला बघितलं की लांबूनच हात वर करून सांगतो, “काका, मारला ड्रेन.”

राहिली आहे ती टाकीची टेस्ट. एवढा गंज निघाल्यावर पत्रा किती उरला हे बघायलाच हवं. ती टेस्ट पाण्याने करतात. टाकी काठोकाठ पाण्याने भरायची, हवेचा बुडबुडाही ठेवायचा नाही, आणि हातपंपाने नेहमीच्या दीडपट दाब चढवायचा. दहा किलोची टाकी असेल तर पंधरा. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे त्यात शक्ती साठून राहत नाही. पत्रा फाटला तरी पाणी गळतं आणि दाब तिथल्या तिथे शून्यावर येतो. हवेने तीच टेस्ट केली तर पत्र्याचे तुकडे दुकानभर उडतील. मालकांना हे मी दोनदा समजावलं. त्यांना पटलं आहे, पण टाकी काढून ठेवायची म्हणजे दुकान एक दिवस बंद, आणि टाकी नापास झाली तर नवी घ्यायची. त्यांची अडचण खरी आहे. हातपंप ओळखीच्या वर्कशॉपमधून मी आणतो, रविवारी करू, असं मी सांगून ठेवलं आहे. त्यांनी अजून रविवार दिलेला नाही. स्कूटरच्या चाकांत हवा पुरेशी आहे, तरी मी दर आठवड्याला तिथे जातो आणि विचारतो.